खेळगाडी : इतिहासाचे एक उपेक्षित साधन



वसंतातील या व्याख्यानांना आपण येता ते एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र, एखादी गाजलेली लढाई किंवा एखादा मान्यवर ग्रंथ यांविषयी काही ऐकावयास मिळेल या अपेक्षेने. आमचा आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळींना हसू आले असेल, आणि त्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. लाकडाचे गाडे, पत्र्याच्या मोटारी, पुठ्ठ्याच्या एसट्या हा पोरांचा पसारा. त्यावर शहाण्यासुरत्या माणसांनी तासभर बोलावे असे त्यात काय आहे? आमचे म्हणणे एवढेच की, मनुष्याने जेव्हा जेव्हा वाहन केले तेव्हा तेव्हा त्याने त्याची लहान प्रतिकृतीही केली, आणि मोठे वाहन मोडून भंगारात गेल्यावर पुष्कळदा ही लहान वस्तूच काय ती मागे उरली. म्हणून खेळगाडी हे इतिहासाचे साधन आहे. ते आम्ही जपले नाही. हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी आम्ही म्हणत नाही, कारण असे एक साधन आम्ही स्वतःच्या हाताने जाळले आहे. तेथूनच आरंभ करतो.

आम्ही मूळचे बुरोंडीचे. दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे हे मासेमारीचे गाव. आज पुष्कळांना ते पृथ्वीगोलावर उभ्या असलेल्या परशुरामाच्या भव्य पुतळ्यामुळे ठाऊक झाले आहे. आमच्या लहानपणी मात्र गावाची ओळख म्हणजे होड्या, जाळी आणि वाळत घातलेली मासळी. १९७४ साली आमच्या धाकट्या भावाने पुठ्ठ्याची एक एसटी केली. त्याचे वय तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. वडील मुंबईस गिरणीत. त्यांना पोचवायला आम्ही दापोलीच्या स्टँडवर जात असू. तेथे उभ्या असलेल्या गाडीची लांबी त्याने पावले टाकून मोजली आणि घरी येऊन एका पावलाला एक बोट या मापाने पुठ्ठा कापला. चाके जुन्या रबरी सपातांची. खिडक्यांना धुऊन स्वच्छ केलेल्या एक्स-रे फिल्मच्या काचा. होड्यांना लावून उरलेला लाल रंग कोणाकडून तरी मागून आणलेला. त्या काळी एसटीच्या टपावर सामान चढत असे. आंब्याच्या पेट्या, फणस, वळकट्या घेऊन हमाल मागच्या शिडीने वर जात. ती शिडी त्याने माडाच्या हिरांची केली होती, पायऱ्या मोजून. समोरच्या पाटीवर अक्षरे होती ‘मुंबई’.

ही गाडी आमच्या माळ्यावर कित्येक वर्षे होती. एका वर्षी गणपतीच्या आधी घर झाडताना तिला वाळवी लागलेली दिसली, आणि आम्ही ती परसात नेऊन पालापाचोळ्याबरोबर जाळून टाकली. भावाला विचारलेही नाही. त्याला कळले तेव्हा तो काही बोलला नाही, एवढेच म्हणाला की, “तिची शिडी तरी काढून ठेवायची होतीस, दादा.”

आता दुसरी हकिगत ऐका. ज्या १९७४ साली बुरोंडीत हा पुठ्ठा कापला जात होता, त्याच वर्षी प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचा बुंधा खणीत असता चार वस्तू सापडल्या. हे गाव श्रीरामपूर तालुक्यात, त्या वेळच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्या चार वस्तू काशाच्या, भरीव ओतीव कामाच्या होत्या : एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि दोन बैल जोडलेला एक रथ. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरले. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, रुंदी १६ सेंटिमीटर, आणि त्यात उभा असलेला सारथी सुमारे १६ सेंटिमीटर उंचीचा. गेंडा आणि रेडा यांच्या पायांखालीही चाके आहेत. हत्तीच्या पाटाला आसांची सोय आहे, पण चाके नाहीशी झाली आहेत.

या वस्तूंच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. डॉ. म. के. ढवळीकर आणि १९७५ नंतर तेथे उत्खनन करणारे श्री. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. उलट डॉ. डी. पी. अगरवाल यांनी धातूत सापडलेल्या सोमलाच्या प्रमाणावरून त्या इतक्या जुन्या असतील काय, अशी शंका घेतली. तो वाद सोडवण्याचा आमचा अधिकार नाही. शिवाय एवढ्या वजनाच्या वस्तू पोरांनी खेळण्यासाठी केल्या असतील असेही वाटत नाही. त्या कोणत्या तरी पूजेत किंवा मिरवणुकीत ओढल्या जात असाव्यात. पण काळ कोणताही धरला तरी एक गोष्ट पक्की. महाराष्ट्राच्या भूमीवर फार प्राचीन काळी कोणा कारागिराने खरा रथ पाहिला, तो मनात धरला आणि मापाने लहान केला. सारथ्याची उंची साडेपाच फूट धरली तर हे माप जवळजवळ एकास दहा पडते. लाकडाचा खरा रथ केव्हाच मातीला मिळाला. तो कसा होता हे आज आपल्याला कळते ते या लहान रथावरून.

सिंधूच्या खोऱ्यात, मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे, भाजलेल्या मातीच्या गाड्यांचे साटे आणि चाके पुष्कळ मिळाली आहेत. त्या काळच्या खऱ्या बैलगाड्या उरल्या नाहीत, पण त्यांची घडण अभ्यासकांनी बऱ्याच अंशी या मातीच्या गाड्यांवरून ओळखली. काशाच्या रथाच्या मानाने मातीची गाडी ही गरिबाची वस्तू. परंतु साक्ष देण्याच्या कामी ती कमी पडत नाही.

गरिबाची मातीची गाडी म्हटल्यावर आपल्यापैकी नाटकाच्या षौकिनांना एक नाव आठवले असेल. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या नाटकाचे नावच मातीच्या गाडीवरून पडले आहे, आणि गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीताच्या साजाने मराठी रंगभूमीवर आणल्यापासून ते आपल्या घरचेच झाले. त्यातील प्रसंग असा. चारुदत्त सज्जन, पण दरिद्री झालेला. त्याच्या लहान मुलाने, रोहसेनाने, शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिलेली असते. दासी त्याला मातीची करून देते, पण तो रडतो, त्याला सोन्याचीच हवी. वसंतसेनेला हे पाहवत नाही आणि ती अंगावरचे दागिने काढून मुलाच्या मातीच्या गाडीत भरते. पुढे हेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येतात आणि तो निरपराध मनुष्य वधस्तंभापर्यंत पोचतो. एका पोराच्या खेळगाडीवर नाटककाराने एवढे मोठे कथानक उभे केले, कारण त्याला एक मर्म ठाऊक होते : जे वाहन आपल्या दारी नाही त्याचीच प्रतिकृती मनुष्याला हवीशी वाटते. आमच्या भावाच्या गाडीवरची ‘मुंबई’ ही अक्षरे आम्हाला या दृष्टीने फार उशिरा वाचता आली.

हौस म्हणून गाडी सजवणे, तिची दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करणे, पिढ्यान् पिढ्या ती जपणे, या गोष्टी परदेशातून आल्या असे कोणी समजत असेल तर त्याने विदर्भातला तान्हा पोळा पाहावा. खऱ्या बैलांचा पोळा आटोपला की दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा पोळा. चाके लावलेले लाकडी बैल मुले दोरीने ओढीत नेतात, त्यांना झुली, माळा, शिंगांना बेगड, आणि घरोघर जाऊन बोजारा मागतात. नागपुरात ही प्रथा भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे सांगतात. काही घरांतून आजोबांचा बैल नातू ओढतो. सर्वांत देखण्या बैलाला बक्षीस असते. आज ज्याला आपण संग्रह म्हणतो, सजावट म्हणतो, स्पर्धा म्हणतो, ते सगळे या एका सणात आले. दक्षिणेकडे सावंतवाडीत चितारी मंडळींनी लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी करण्याची कला जोपासली. आणि दिवाळीत आपल्या अंगणातला मातीचा किल्ला तर पाहाच. पायथ्याच्या वाटेवर प्लॅस्टिकचा ट्रक उभा असतो, बुरुजावर मावळा, आणि मावळा ट्रकहून मोठा. इतिहासकार यावर हसेल. पण पोराच्या मनात महाराजांचा घाट आणि मामाच्या गावचा घाट हे एकच असतात, हेही त्यावरून कळते.

मापाचा हा घोटाळा दूर करून खेळगाडीला शिस्त लावली ती यंत्रयुगाने, आणि ती हकिगत थोडक्यात सांगितली पाहिजे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी नावाच्या गृहस्थाने १९०१ साली भोकाभोकांच्या पट्ट्या आणि स्क्रू यांच्या खेळाचे पेटंट घेतले; तोच पुढे मेकॅनो या नावाने जगभर गेला. मग त्याने खेळण्यातल्या आगगाड्या काढल्या. आगगाडी झाली तर तिच्या फाटकापाशी मोटार नको काय? म्हणून १९३३-३४ च्या सुमारास लहान धातूच्या मोटारी निघाल्या, आणि १९३४ पासून त्यांना डिंकी टॉईज हे नाव मिळाले. ज्या आगगाड्यांच्या शेजारी त्या ठेवावयाच्या त्यांचे माप होते एका फुटाला सात मिलिमीटर. हिशोब केला की हे एकास साडेत्रेचाळीस पडते, आणि मोटारींच्या प्रतिकृतींचे एकास त्रेचाळीस हे माप आज जगभर जे रूढ आहे त्याचे मूळ येथे आहे. श्रोतेहो, एका फुटाला सात मिलिमीटर आणि एका पावलाला एक बोट, या दोन वाक्यांत तत्त्वाचा काही फरक आहे काय? बुरोंडीच्या पोराचे पाऊल अर्ध्या मीटरचे आणि बोट दीड सेंटिमीटरचे धरले तर त्याची एसटी एकास तेहतीस मापाची होती. हे त्याला ठाऊक नव्हते, पण माप मात्र त्याने धरले होते.

दुसरी गमतीची हकिगत लंडनच्या लेस्नी कंपनीची. तिच्या जॅक ओडेल या कारागिराच्या मुलीला शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची परवानगी होती. त्याने तिला १९५२ साली पितळेचा एक इवलासा रोडरोलर करून दिला, आणि त्यातून १९५३ साली मॅचबॉक्स मोटारी निघाल्या. येथे मापाचे सूत्र उलटले. गाडी कोणतीही असो, मोटार की लांबलचक ट्रक, ती पेटीत बसली पाहिजे. म्हणजे मोटार मोठ्या मापाची आणि ट्रक लहान मापाचा. पुढे १९५८ च्या सुमारास अमेरिकेत प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत भरून विकण्याची टूम निघाली. एकाच पेटीतून तीन तऱ्हांची गाडी जोडता येई : कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची, किंवा आपल्या आवडीप्रमाणे बदललेली. या तिसऱ्या तऱ्हेने मोठमोठ्या माणसांनाही वेड लावले, आणि गाडी जोडणे, रंगवणे, तिचे रूप पालटणे हा तेथे एक मान्य छंद झाला.

धातूची गाडी म्हणजे अमर, असा समज करून घेऊ नये. डिंकीच्या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम असते. ओतताना त्यात शिशाचा किंचित अंश जरी मिसळला तरी काही वर्षांनी धातू आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि गाडीचा भुगा होतो. महायुद्धापूर्वीच्या कित्येक गाड्या संग्राहकांच्या कपाटात, कोणी हात न लावता, अशा नष्ट झाल्या. कोकणात वाळवी आणि विलायतेत धातूचा रोग. तात्पर्य, प्रत्येक साधनाला त्याचा शत्रू असतोच. फरक इतकाच की तेथील मंडळींनी रोगाचे कारण शोधले, गाड्यांच्या याद्या केल्या, प्रत्येकीचे साल आणि रंग लिहून ठेवला. म्हणून भुगा झालेल्या गाडीचीही माहिती उरली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयात खेळणी दुर्मिळ झाली. १९६० नंतरच्या दशकात डिंकीचे जुने साचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून निकी टॉईज या नावाने गाड्या निघू लागल्या. पण त्या शहरातल्या दुकानांत, आणि रूपाने विलायती. आपल्या रस्त्यावरची गाडी, आपल्या गावाची पाटी लावलेली, ही दुकानात मिळत नव्हती. ती हवी असेल त्याने ती स्वतः करावी, एवढाच मार्ग होता. आणि येथे आमच्या कोकणचा विषय पुन्हा येतो.

कोकणच्या किनाऱ्यावर चाकाची गाडी फार उशिरा आली. डोंगर, खाड्या, पाऊस यांमुळे येथे प्रवास म्हणजे पायी किंवा पाण्यातून. मुंबईस जाणाऱ्याने हर्णैच्या बंदरावर जाऊन बोट धरावी, आणि पावसाळ्यात बोट बंद झाली की वाट पाहावी. म्हणून किनाऱ्यावरच्या पोराचे पहिले खेळवाहन गाडी नव्हते, ते होडी होते. माडाची पोय आयतीच होडीच्या आकाराची. ती वहाळात सोडली की झाले. चाक आले तेही झाडावरून : दोन रिकामी ताडफळे, मध्ये काठीचा आस, आणि ढकलायला एक बेचकी. मग रस्ते झाले, एसटी आली, आणि एका पिढीत पोरांच्या हातातली होडी जाऊन लाल गाडी आली. कोकणचा मार्ग पाण्यावरून जमिनीवर केव्हा आला हे सरकारी अहवालांतून कळेल; पण तो लोकांच्या मनात केव्हा आला हे समजण्यासाठी त्या पोरांनी काय केले होते ते पाहावे लागेल.

एसटीचा जन्म १ जून १९४८ चा. त्या दिवशी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. ती बेडफर्ड बनावटीची, लाकडी सांगाड्याची. आणि आज ‘लालपरी’ म्हणणाऱ्यांना नवल वाटेल, तिचा रंग निळा होता, वर चंदेरी टप. लाल रंग पुढचा. तिची प्रतिकृती करणाऱ्याने हे जाणून तिला निळी रंगवली तर ती प्रतिकृती पाहणाऱ्याला एका नजरेत इतिहास शिकवते; लाल रंगवली तर आपली आठवणच इतिहासावर लादते. हौशी कारागिरांचा काटेकोरपणा कधीकधी संशोधकालाही लाजवतो. एसटीच्या गाड्या बांधण्याच्या महामंडळाच्या कार्यशाळा पुण्याजवळ दापोडीस, मराठवाड्यात चिकलठाण्यास आणि नागपूरजवळ हिंगण्यास आहेत. दापोडीच्या गाडीचा क्रमांक बहुधा एमएच-१४ ने सुरू होतो, चिकलठाण्याच्या गाडीचा एमएच-२० ने, हिंगण्याच्या गाडीचा एमएच-४० ने. हे जाणणारा मुलगा क्रमांक पाहून गाडीचे माहेर सांगतो, आणि त्याप्रमाणे आपल्या पुठ्ठ्याच्या किंवा सनबोर्डच्या गाडीवर पाटी लिहितो. कागदपत्रांच्या अस्सलपणाची परीक्षा करणाऱ्या संशोधकाची रीत याहून वेगळी नसते.

हा छंद आता माळ्यावरून खाली उतरला आहे. एसटीच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने २०१९ साली ‘वारी लालपरीची’ या नावाचे एक फिरते प्रदर्शन निघाले. एसटीच्याच एका बसमध्ये एसटीच्या जुन्या-नव्या गाड्यांच्या प्रतिकृती मांडून ते गावोगाव नेले. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले आणि १९९८ साली लोकांना खुले झाले. तेथे एकास सत्त्याऐंशी मापाच्या आगगाड्या एका संपूर्ण लहान शहरातून धावतात, आणि त्या शहरात रस्ते, पूल, दिवे यांपैकी काही उणे नाही. मुंबईत बेस्टच्या आणिक आगारात ट्राम आणि बस यांच्या स्मृती जपणारे संग्रहालय आहे. ट्रामचा उल्लेख मुद्दाम करतो. ती १८७४ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. ट्राममध्ये बसलेली माणसे आता वृद्ध झाली. त्यांच्यामागे तिचा आकार सांगावयास चित्रे आणि प्रतिकृतीच राहतील.

आणि हे केवळ ट्रामचे नाही. २०२३ च्या सप्टेंबरात बेस्टची जुनी डिझेलची दुमजली बस रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस आला. एक-दीड महिन्यात मुंबईची दोन रूपे नाहीशी झाली. लोकांना हळहळ वाटली, पुष्कळांनी छायाचित्रे काढली, आणि पुष्कळांनी बाजारातून त्या टॅक्सीची लहान प्रतिकृती आणून कपाटात ठेवली. एरवी मोटारीचा संग्रह म्हणजे श्रीमंतांची चैन असे आपण समजतो. पण ज्या टॅक्सीच्या मागच्या बाकावर बसून मनुष्य आजारी आईला इस्पितळात घेऊन गेला, तिची हातभर लांबीचीही नसलेली प्रतिकृती त्याने जपली तर त्याला चैन कसे म्हणावे?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. प्रतिकृती खरे सांगते याची हमी काय? कारागीर गाडी सुंदर करतो. खऱ्या गाडीचे पोचे, चिखल, फाटलेली बाके तो गाळतो. हे खरे आहे. आमच्या भावाच्या एसटीतही आत बाके नव्हती, ड्रायव्हर नव्हता, इंजिनाचा पत्ता नव्हता. होती ती शिडी, पाटी आणि खिडक्या. असे का, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. त्या गाडीत तो तोपर्यंत बसला नव्हता. त्याने ती बाहेरून पाहिली होती, स्टँडवर उभे राहून. हमालाबरोबर वडिलांची वळकटी टपावर चढताना त्याने शिडी पाहिली, ती कोठे जाणार ते सांगणारी पाटी पाहिली, आणि सुटताना खिडकीतून बाहेर आलेला हात पाहिला. म्हणजे ती प्रतिकृती एसटीविषयी अपुरे सांगत होती, पण त्या काळच्या कोकणाविषयी, जेथे घरातला कर्ता पुरुष मुंबईस आणि घर मनीऑर्डरवर, फार नेमके सांगत होती. प्रत्येक साधन ज्याने ते निर्माण केले त्याच्या जागेवरून बोलते. बखरीला आम्ही हा नियम लावतो. तोच खेळगाडीला लावला की तिची साक्ष घेता येते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला तेव्हा आमच्या वाड्यांतून दप्तरे माळ्यावर कुजत पडली होती. कोणी ती वाण्याला रद्दीच्या भावाने देत, कोणी बंबात घालीत. या जीर्ण कागदांत काय आहे, असेच लोक तेव्हा म्हणत असत. राजवाडे दारोदार हिंडले म्हणून आज आपणांस त्या कागदांची किंमत कळते. खेळगाडीची तुलना पेशव्यांच्या पत्रांशी करण्याचा आगाऊपणा आम्ही करीत नाही. आम्ही फक्त माळ्याची आणि बंबाची आठवण देतो, कारण तेथे आमचा हात पोळलेला आहे.

तर मग करावे काय? मोठ्या संग्रहालयाची किंवा सरकारी अनुदानाची वाट पाहावी असे आम्हास वाटत नाही. गावच्या वाचनालयात किंवा शाळेत काचेचे एक कपाट पुरे. आत डांबरगोळ्या टाकाव्या, पावसाळ्यानंतर ऊन द्यावे, वाळवीसाठी पाय तेलाच्या वाट्यांत ठेवावे. हे उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होते. गावातल्या मुलांनी आणि एके काळच्या मुलांनी केलेल्या गाड्या त्यात ठेवाव्या : तारेची, सपातांच्या चाकांची, पुठ्ठ्याची, सनबोर्डची, तशाच होड्याही. आणि प्रत्येकीच्या तळाला एक चिठ्ठी डकवावी. तीवर पाच गोष्टी असाव्या : कोणी केली, कोणत्या साली, कोणती खरी गाडी पाहून, कोणत्या मापाने आणि कशाची. पाचव्या गोष्टीला वेळ लागत नाही, परंतु पन्नास वर्षांनी तीच मोलाची ठरते. चाके सपातांची होती, काचा एक्स-रेच्या होत्या, रंग होडीचा होता, एवढ्या तीन शब्दांत एका घराची परिस्थिती आणि एका गावाचा व्यवसाय येऊन जातो.

आमचा भाऊ आता साठी ओलांडून गेला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो बुरोंडीस आला तेव्हा आम्ही त्याच्यापुढे पुठ्ठा, कात्री आणि माडाचे हीर ठेवले आणि म्हटले, “कर पुन्हा.” तो हसला. मग बराच वेळ हीर तासत बसला, आणि शिडी केली. बाकीच्या गाडीचे माप त्याला आठवेना, आणि आता टपाला शिडी असलेली तशी गाडी स्टँडवर उभी नाही, की जाऊन पावलांनी मोजावी. ती शिडी तेवढी आमच्याजवळ आहे. तिच्या चिठ्ठीवर आम्ही लिहिले आहे : मूळ गाडी १९७४, एका पावलाला एक बोट, जाळली आम्ही.

आपल्या माळ्यावर असे काही असेल तर आज रात्री घरी गेल्यावर पाहावे, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.